त्याले उतरवा

उद्यापासून तुझी विमानाची ड्युटी लागली म्हणे, दिव्या. बस जरा. लाइट यायला वेळ आहे अजून. आणि तो चहा पी आधी, निवून चाललाय.

काही विशेष नसतं गं त्यात. स्वेटर ने, वर गेल्यावर गारठतं. पोटात काहीतरी टाकून जा, परत कधी यायला मिळेल ते कोणी सांगू शकत नाही. बाकी काम इथलंच. सलाइन, ऑक्सिजन, मॉनिटर. फक्त जागा कमी आणि आवाज फार.

मी ती ड्युटी का सोडली हे तू तिसऱ्यांदा विचारतेयस. सगळे म्हणतात, रिना सिस्टर थकली. खोटं नाही ते. थकलेच आहे मी. पण थकण्याआधी एक दिवस आला होता. तो कोणाला सांगितला नाही, कारण सांगायलासुद्धा अंगात जोर लागतो. आज तू विचारलंस, सांगून टाकते.

पुराचं साल होतं. वर्धा, इरई, वैनगंगा, सगळ्या एकदम फुगल्या होत्या. नागपूरचा रस्ता दोन्हीकडून पाण्याखाली. वॉर्डात खाटांच्या मधे खाली गाद्या, गाद्यांच्या मधे नातेवाईक, आणि सगळीकडे ओल्या कपड्यांचा वास. घरी जाऊन आंघोळ केलेली आठवते, झोपलेलं आठवत नाही. सीरियस पेशंट नागपूरला न्यायला सरकारनं एक छोटं विमान भाड्यानं आणलं होतं. दोन पंख्यांचं. गावाबाहेरच्या त्या पट्टीवरून ते उडायचं. तिथं रात्रीचे दिवे नाहीत. सूर्य बुडाला की विमान हलत नसे.

त्या दिवशी सकाळी मी श्रावणकाकांना घेऊन गेले. माजरीचे. आमच्याच कॉलनीतले, माझ्या बाबांसोबत खाणीत होते. छातीत सगळी कोळशाची पूड बसलेली. बोलताना दोन शब्दांच्या मधे थांबावं लागायचं. सोबत मुलगी होती, दीपिका. स्ट्रेचरचा पट्टा मी बांधला तसे काका म्हणाले, "रिना... सारी जिंदगी जमिनीच्या खाली गेली माही. आज वरून पाह्यतो... कशी दिसते तं."

"पाहा काका. खिडकीच्या बाजूनंच ठेवलंय तुम्हाला."

इंजिन सुरू झालं, पंखे फिरायला लागले आणि मॉनिटरवरची रेघ झोपली. मी दाबलं छातीवर, खूप दाबलं. दीपिका काकांचे पाय धरून बसली होती. ती रडली नाही. शेवटी तीच म्हणाली, "ताई, राहू दे आता. बाबाले घरी नेतो."

काकांना उतरवलं. अँब्युलन्स माजरीकडे गेली. विमान तिथंच उभं राहिलं आणि मी वॉर्डात परत आले, कारण वॉर्ड भरलेलाच होता.

दुपारी डॉक्टरांनी सांगितलं की सुकरीला न्या, विमान रिकामं आहे. सुकरी भामरागडच्या पलीकडच्या एका पाड्यातली. बाळंतपणात रक्त फार गेलं होतं, आणि आता लघवी बंद झाली होती. नदी गावाभोवती चढलेली, म्हणून हेलिकॉप्टरनं तिला आमच्याकडे आणून टाकलं होतं. किडनीचं मशीन आमच्याकडचं बंद. नागपूरला पोचली तर वाचेल, इथं राहिली तर सकाळ बघणार नाही. इतकं ते साधं होतं. सोबत नवरा, झाडू नावाचा. बारीक, गप्प माणूस. बाळ पाड्यावर आजीपाशी ठेवून आला होता. मराठी येत होती त्याला, पण विचारल्याशिवाय बोलत नसे.

पट्टीवर पोचलो तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. पाऊस उघडलेला. गवत ओलं, डांबरातून वाफ निघत होती. लांब वीज केंद्राच्या चिमण्या दिसत होत्या, आणि पट्टीच्या दुसऱ्या टोकाला कुंपण, त्यामागे नाला, त्यामागे साग. पाखरं आवाज करत नव्हती. मी ते तेव्हा पाहिलंही नाही. मला फक्त बसायचं होतं.

कॅप्टन आदेश नागपूरचा, शांत माणूस. शेजारी बसणारी चंचल, नवीन पोरगी, पण हुशार. आणि विमानाचं यंत्र बघणारा लोकेश, तो विमानासोबतच फिरायचा. जिना आत ओढून दार लावलं. सुकरी स्ट्रेचरवर, सकाळी काका होते त्याच जागी. झाडू तिच्या पायाशी. मी डोक्याशी. लोकेश मागे.

विमान धावायला लागलं. तुला सांगते, उडताना पाठ सीटला चिकटते, पोटात खड्डा पडतो. मला सवय होती त्याची. त्या वेळी तसं काही झालंच नाही. आवाज पूर्ण, पंखे पूर्ण, आणि विमान मात्र चढावर बैलगाडी जावी तसं. खिडकीतून गवत हळूहळू मागं जात होतं. समोर चंचल वेगाचे आकडे म्हणत होती, मग ती म्हणायची थांबली. इतक्यात सुकरीचे ओठ हलले. शुद्ध नव्हती तिला. तरी काहीतरी बोलली, त्यांच्या माडिया बोलीत. आणि आदेशनं विमान थांबवलं. पट्टे छातीत रुतले, सलाइनची बाटली माझ्या कपाळावर आपटली.

"काय झालं?" मी ओरडले.

"वेग धरत नाही," तो म्हणाला. "जड लागून राह्यलं."

लोकेश खाली उतरून सगळं फिरून आला. चाकं, इंजिन, टाकी. ब्रेक तापल्याचा वास आत येत होता, जळक्या रबरासारखा. "काही नाई सर," तो म्हणाला. "अर्धं विमान तं रिकामं आहे. जड कायचं लागते?"

ब्रेक थंड व्हायला वेळ द्यावा लागतो. आम्ही बसून राहिलो. मी सुकरीचं बीपी घेतलं, ते खाली चाललं होतं. ऊन पिवळ्याचं नारिंगी झालं. आदेश मागे वळून मला म्हणाला, "सिस्टर, या पट्टीवर एका खुणेपर्यंत थांबता येते. खूण ओलांडली की मग उडाच लागते. नाई उडलं, तं पट्टी संपते, विमान संपत नाई. समजलं ना? पुन्हा तसं वाटलं तं मी थांबवीन."

"थांबवा," मी म्हटलं. "पण आधी उडवून तर पाहा."

दुसऱ्या वेळी तो पट्टीच्या अगदी सुरुवातीला गेला, एक हातही वाया जाऊ नये म्हणून. ब्रेक दाबून ठेवून इंजिन पूर्ण चढवलं. सगळं विमान थरथरत होतं. मग सोडलं. सुरुवातीला बरं धावलं. मला वाटलं, गेलं. पण अर्ध्या पट्टीवर ते एकदम बसलं. तुला कसं सांगू... सायकलवर मागून कोणी उडी मारून बसावं तसं. आणि सुकरी पुन्हा बोलली, तेच शब्द, या वेळी मोठ्यानं. डोळे मिटलेले. मान माझ्याकडे वळवलेली.

"थांबवा सर!" चंचलचा आवाज.

आदेशनं थांबवलं, पण थोडा उशीर झाला होता. ओल्या डांबरावर विमान सरकत राहिलं. पांढरे पट्टे खालून गेले, मग डांबर संपलं आणि पुढचं चाक मुरमात उतरलं. गचका बसला. मग सगळं शांत. खिडकीतून कुंपणाची तार दिसत होती, हात लांब केला असता तर लागली असती. खाली नाल्याचं गढूळ पाणी.

ब्रेकमधून धूर येत होता. आगीच्या बंबावरची माणसं धावत आली, पण आग नव्हती. जीपला दोर बांधून त्यांनी विमान मागे ओढलं. आणि ती जीप, दिव्या... पहिल्या गिअरमध्ये रडत होती. ड्रायव्हर डोकं बाहेर काढून म्हणाला, "काय भरलं आहे भाऊ यात? कोळसा?"

मला हसू आलं नाही. कोळसा म्हटल्यावर मला काका आठवले.

लोकेशनं खाली उतरून चाक पाहिलं, त्यावरचा दांडा पाहिला, सगळं ठीक होतं. तरी आदेश चंचलला घेऊन जिन्यावरून खाली उतरला आणि टोपी काढून उभा राहिला. "आज नाई सिस्टर. माफ करा. उद्या सकाळी पाहू."

"उद्या सकाळी नेण्यासारखं काही राहणार नाही," मी म्हटलं.

त्यानं मान खाली घातली. त्यालाही ते माहीत होतं. सूर्य सागाच्या शेंड्याला टेकला होता. झाडू माझ्याकडे नाही, आदेशकडे नाही, नुसता सुकरीच्या पायाकडे बघत होता. अंगठ्यानं तिच्या तळव्यावरचा चिखल पुसत होता. पाड्यावरचा चिखल, इतक्या दिवसांत कोणी पुसलाच नव्हता. मी त्याच्याजवळ वाकले.

"झाडू, ती काय म्हणते? दोनदा बोलली ती."

त्याचा अंगठा तळव्यावर थांबला.

"उतरवा म्हणते."

"तिला उतरायचंय?"

"नाई बाई. तिले नाई..." त्यानं आवाज आणखी खाली आणला. "त्याले उतरवा, म्हणते."

विमानात उकडत होतं. ब्रेकचा वास, ओल्या गवताचा वास, स्पिरिटचा वास. आणि त्या सगळ्याखाली आणखी एक, जुना, जमिनीखालचा. मी माजरीची आहे. बाबा ड्युटीवरून आले की घरात तो वास यायचा.

मला भीती वाटली असं सांगितलं तर ते खोटं होईल. मी इतकी थकले होते की भीती वाटायला जागाच नव्हती. मला वाटलं, बिचारे काका. त्यांना वरून जमीन बघायची होती. आपण धड काही सांगितलंही नाही, घाईघाईत शरीर उतरवलं. माणूस आतच राहिला. वॉर्डात एखाद्या हट्टी म्हाताऱ्याला समजावते तसं मी त्या रिकाम्या जागेशी बोलले. दाराजवळच्या सीटशी. का कोण जाणे, ते तिथंच बसले असतील असं वाटलं.

"काका. श्रावणकाका. रिना बोलून राह्यली. तुमची वेळ झाली काका, आता उतरा. दीपिका घरी वाट पाह्यते तुमची. या पोरीचं लेकरू लहान आहे... तिले जाऊ द्या."

काहीच झालं नाही. झाडूनं डोळे मिटून घेतले.

"उतरा काका," मी पुन्हा म्हटलं. "माझ्यात ताकद नाई राह्यली आता. तुम्ही तरी ऐका. जयभीम, काका."

तेव्हा ती सीट वाजली. चामडं उसासा टाकतं ना, माणूस उठला की, तशी. मग जिन्याची वरची पायरी करकरली. जिन्यावर कोणी नव्हतं, आदेश तर लांब उभा होता. त्याखालची पायरी करकरली. मग थांबलं. खूप वेळ थांबलं. वर परत येतात की काय असं मला वाटलं. दम लागला असेल, असंही वाटलं. मी म्हटलं, "जा काका, जा." मग शेवटची पायरी वाजली. आणि मग काही नाही.

बाहेर चंचल किंचाळली. ती पंखाखाली उभी होती. आदेशचा हात धरून चाकावरच्या दांड्याकडे दाखवत होती. "सर, वर आलं. आत्ता वर आलं विमान! माझ्यासमोर!"

लोकेश वाकून बघत राहिला. चाकावरचा चकचकीत दांडा बोटभर बाहेर आला होता. कोणी जड माणूस गाडीतून उतरला की गाडी उचलते, तसा. तो नुसता हात शर्टाला पुसत राहिला.

आदेशनं सूर्याकडे पाहिलं, चाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी काय केलं ते त्यानं विचारलं नाही. "ब्रेक थंड झाले का?" लोकेशनं मान हलवली. "बसा सगळे."

तिसऱ्या वेळी पाठ सीटला चिकटली. पोटात खड्डा पडला. अर्धी पट्टी यायच्या आत गवत खाली राहिलं. मी रडले, दिव्या. सुकरीचा हात हातात घेऊन मोकळेपणानं रडले. खाली सगळीकडे पाणी आणि पाण्यात लाल ऊन. मनात म्हटलं, काका, तुमच्याऐवजी मी बघते.

सुकरी तेवढ्यात पुन्हा बोलली. अगदी हळू, कण्हल्यासारखं. मी झाडूकडे पाहिलं. त्यानं खिडकीकडे तोंड फिरवलं. मला वाटलं, पहिल्यांदाच विमानात बसलाय, घाबरला असेल.

सुकरी वाचली. नागपूरला मशीनवर ठेवली, रक्त दिलं, आणि पोरगी उठून बसली. मला फोन आला तेव्हा मी वॉर्डातल्या खुर्चीवर बसल्या बसल्या झोपले होते. दुसऱ्या आठवड्यात माजरीला जाऊन दीपिकालाही भेटून आले. ती म्हणाली, बाबा त्या संध्याकाळी घरी आल्यासारखे वाटले. पण शांत नव्हते. दारातून आत-बाहेर, आत-बाहेर, काही विसरून आलेल्या माणसासारखे. मी तिला म्हटलं, जातील हळूहळू.

मग दिवाळीनंतर सुकरी तपासणीला आली. झाडू सोबत होता आणि तिच्या कमरेवर बाळ. गाल भरलेले, डोक्याला लाल टोपी. मला इतका आनंद झाला. रांगेतून बाजूला काढून मी त्यांना इथंच आणलं, या खोलीत. बाळ घ्यायला हात पुढे केले. सुकरीनं दिलं नाही. दोन पावलं दूर उभी राहिली. रागावलेली नव्हती ती. तिला माझी कीव येत होती, असं तिचं तोंड झालं होतं.

ती झाडूला काहीतरी म्हणाली. झाडूनं मान हलवून नको म्हटलं. मग तीच मोडक्या मराठीत बोलली.

"बाई... म्हाताऱ्याले काऊन उतरवलं?"

मी हसले. "तूच म्हणत होतीस ना? उतरवा, उतरवा."

"म्हाताऱ्याले नाई म्हटलं मी." तिनं बाळाला छातीशी धरलं. "म्हातारा चांगला होता. तो दाराजवळ बसून त्याले धरून होता. दोन्ही हातानं... पाय टेकवून. विमान जाऊ देत नव्हता. तुम्ही नाव घेऊन बोलावलं, तं सोडलं त्यानं."

"कोणाला? कोणाला धरून होते काका?"

"तो पहिलेपासून तिथीच होता. म्हाताऱ्याच्या आधीपासून."

"मग... मग नागपूरला उतरला का तो?"

सुकरी माझ्या तोंडाकडे बघत नव्हती. माझ्या खांद्याच्या थोडं वर, मागे बघत होती. मग तिनं बाळाची टोपी डोळ्यांपर्यंत खाली ओढली. झाडू तिच्या दंडाला धरून म्हणाला, "चाल." दारातून त्यानं एकदा वळून मला हात जोडले. बराच वेळ जोडून उभा राहिला.

म्हणून तू घाबरू नकोस, दिव्या. निवांत जा. तुझ्या त्या विमानात काही नाही. मला माहीत आहे, तिथं नाही तो.

मी फक्त थकते. बसले तर उठवत नाही, उठले तर चालवत नाही. डॉक्टरांनी रक्त तपासलं, थायरॉइड तपासलं, सगळं बरोबर आहे म्हणतात. मीही म्हणते, वय झालं असेल. काल सकाळी ड्युटी संपवून नव्या इमारतीतल्या मोठ्या लिफ्टमध्ये शिरले. स्ट्रेचरवाली लिफ्ट, पण आत मी एकटीच होते. दार लागेना. घंटी वाजायला लागली. लिफ्टवाला स्टुलावर बसून मोबाइल बघत होता. मान वर न करताच तो सवयीनं म्हणाला, "वजन जास्त झालं. एकानं उतरा."

मग त्यानं मान वर केली.